घर आधी कोणाला? रांग, चिठ्ठी आणि गुण यांचा थोडा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘तुम्ही जुने सभासद, संस्थेच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असा आग्रह केला. आपल्या संस्थेची नोंदणी, बोअरवेल, गच्चीची गळती, रंगकाम आणि बिनविरोध न झालेल्या त्या दोन निवडणुका हे सगळं सचिवांच्या लेखात येणारच आहे. तेच मी पुन्हा लिहिलं तर वाचणाऱ्यांना कंटाळा येईल. म्हणून ज्या प्रश्नावर मी नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही बराच विचार केला, त्याचा इतिहास सांगतो. घरं कमी आणि मागणारे जास्त, अशा वेळी आधी कोणाला द्यायचं आणि ते कोणी ठरवायचं, हा तो प्रश्न. आपल्याला घर मिळून पंचवीस वर्षं झाली, त्यामुळे आपल्यापुरता तो सुटला. पण संस्थेच्या फाटकापासून दहा मिनिटं चालत गेलं की तो अजून तसाच उभा आहे.

आपल्याकडे सरकारने सामान्य माणसासाठी घरं बांधायचं मनावर घेतलं ते प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा-उजेड आणायचा आणि उठवलेल्यांसाठी चाळी बांधायच्या, असं त्याचं काम. वस्त्या झपाट्याने पडल्या, चाळी मागाहून सावकाश उभ्या राहिल्या. ज्याचं घर पडलं तोच नव्या खोलीत गेला, असं सगळीकडे झालं नाही. खोली मिळायची ती भाडं देऊ शकणाऱ्याला. तेव्हा प्राधान्याचा नियम कुठे लिहिलेला नव्हता, खिसा हाच नियम.

पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्याच्या आद्याक्षरांवरून आपण आजही बीडीडी चाळी म्हणतो. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सोळा हजारांच्या आसपास. खोली साधारण १६० चौरस फुटांची. गंमत अशी की सुरुवातीला यातल्या कितीतरी खोल्या रिकाम्याच राहिल्या. भाडं कामगाराला परवडेना आणि गिरणी लांब पडे. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग म्हणून वापर झाला. ज्याच्यासाठी घर बांधलं त्याला ते परवडत नसेल, तर प्राधान्य कितीही द्या, उपयोग नाही. हा धडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो आपल्याच लोकल मार्गावर पुन्हा कसा गिरवला गेला ते पुढे येईलच.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई गृहनिर्माण मंडळ आलं. १९५२ साली केंद्राची औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित गृहयोजना आली, १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटाची. इथून पगाराचा दाखला महत्त्वाचा झाला. तुमची गरज किती यापेक्षा तुम्ही कुठल्या गटात बसता, हे आधी बघायचं. १९७६ चा कायदा झाला आणि ५ डिसेंबर १९७७ पासून म्हाडा अस्तित्वात आली. तेव्हापासून अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च हे उत्पन्न गट आपल्या बोलण्यात इतके रुळले की लग्नाच्या बैठकीतसुद्धा ‘मुलाचं एमआयजीत आहे’ असं सांगितलं जाई.

याच काळातली आणखी एक वाट म्हणजे नागरी जमीन कमाल धारणा कायदा, १९७६. त्यातून सवलत घेऊन झालेल्या काही इमारतींतल्या सदनिका मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारात असत. ‘स्वेच्छाधिकार’ हा शब्द मला नेहमी मजेशीर वाटतो. बँकेत आम्हालाही काही मर्यादेपर्यंत अधिकार असायचे, पण त्यात ‘स्वेच्छा’ लिहायची कोणाची छाती नव्हती. ऑडिटर विचारायचा, कारण काय? महाराष्ट्रात हा कायदा २००७ मध्ये गेला.

ओळखीपाळखीच्या या संशयाला उत्तर म्हणून सोडत आली. आता ती संगणकावर निघते, निकाल सगळ्यांसमोर लागतो. म्हाडाच्या सोडतीला लोक काहीही म्हणोत, पण तिने एक मोठं काम केलं. घर लागलं नाही तरी ‘कोणीतरी वशिला लावला’ ही जळजळ कमी झाली. सोडतीतही सगळे एका रांगेत नसतात. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के, अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के, शिवाय दिव्यांग, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार, सरकारी कर्मचारी, अगदी आमदार-खासदारांसाठीसुद्धा वेगळा वाटा असतो. आमदारांना कमी उत्पन्न गटातल्या घराची ओढ का असावी, हे मला अजून उमगलेलं नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्याचा दाखला लागतो. आणि स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नावावर तिथे घर नाही, असं लिहून द्यावं लागतं.

सोडतीचा दोष मात्र हिशेबातच आहे. समजा एका घरामागे शंभर अर्ज आहेत. म्हणजे तुमची संधी शंभरात एक. तुम्ही नेटाने दहा सोडतींना अर्ज भरलात. तरी गणित असं सांगतं की अशा शंभर माणसांतल्या नव्वदांना दहा वर्षांनंतरही काही लागलेलं नसतं. आणि अकराव्या वर्षी तुम्ही आणि काल पहिल्यांदा अर्ज भरलेला तरुण, दोघं पुन्हा एकाच ओळीत. वाट बघण्याला सोडतीत किंमत नाही. माझ्या सासुरवाडीच्या एका नातेवाइकांनी अनामत रक्कम भरायची आणि परत घ्यायची, असं इतकी वर्षं केलं की ते त्याला ‘माझं रिकरिंग डिपॉझिट’ म्हणत. व्याज तेवढं नसे.

सिंगापूरमध्ये सरकारी मंडळ १९६० पासून घरं बांधतं. तिथेही चिठ्ठ्याच निघतात, पण पहिल्यांदा घर घेणाऱ्या कुटुंबाच्या नावाने एकाऐवजी दोन चिठ्ठ्या टाकतात, आणि पुन्हापुन्हा नंबर न लागणाऱ्याला पुढच्या वेळी जादा चिठ्ठी मिळते. म्हणजे नशीब ठेवायचं, पण नशिबाचा तराजू थोडा झुकवायचा. इंग्लंडने वेगळंच केलं. तिथे नगरपालिकांची घरं असत, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असे. १९७७ मध्ये त्यांनी कायदा केला की जो खरोखर उघड्यावर आला आहे, त्यात लहान मुलं असलेलं कुटुंब, गरोदर बाई, म्हातारा किंवा आजारी माणूस असेल, तर त्याची सोय पालिकेने केलीच पाहिजे. लगेच रांगेत आधीपासून उभे असलेले ओरडले, आमची वीस वर्षं गेली त्याचं काय? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. तो वाद तिकडे अजून मिटलेला नाही.

आपल्या राज्यात चिठ्ठीचं सर्वांत हळवं प्रकरण गिरणी कामगारांचं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आपल्या संस्थेतही दोन घरं अशी आहेत की ज्यांच्या वडिलांनी लालबाग-परळच्या गिरण्यांत खाती सांभाळली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग घरांसाठी म्हाडाकडे जायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून तो हिस्सा फक्त मोकळ्या जागेपुरता राहिला. मोकळी जागा गिरणीत असणार किती? घरांची संख्या तिथेच आटली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र ठरला. २८ जून २०१२ च्या सोडतीत घरं होती ६,९२५ आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. १ मार्च २०२० ला आणखी ३,८९४ घरांची सोडत झाली.

इथे मला चिठ्ठी खटकते. दीड लाख माणसांनी सारखंच घाम गाळून हक्क कमावला, मग हक्काची लॉटरी कशी? लॉटरी बक्षिसाची असते. वयाने सगळ्यांत मोठे, आजारी, विधवा, यांना आधी घ्यायला हवं होतं, असं माझं मत आहे. त्यावर आपल्या संस्थेतल्या त्या दोघांपैकी एकांनी मला गप्प केलं. ते म्हणाले, ‘साहेब, वय बघायला लागले असते तर जन्माच्या दाखल्यांचा बाजार भरला असता. चिठ्ठीत कोणी हात घालू शकला नाही, म्हणून आमच्या शेजाऱ्याला घर लागलं तेव्हा आम्ही पेढे खाल्ले, शिव्या नाही दिल्या.’ त्यांच्या वडिलांना काही लागलं नाही. अलीकडे उरलेल्यांना शेलू आणि वांगणीला घरं द्यायचं ठरलं, त्याला कामगारांनी विरोध केला. (वांगणी, कर्जतकडची. आपलं वाणगाव नव्हे. तरी दोन जणांनी मला फोन करून विचारलं होतं की तुमच्याकडे घरं होताहेत का!)

चिठ्ठीचा विषय निघालाच आहे तर आपली गोष्टही सांगतो, कारण नव्या सभासदांना ती ठाऊक नाही. आपल्या सदनिकांचं वाटप ठरवायची सभा चार तास चालली होती. पहिला गट म्हणाला, ज्याने पहिला हप्ता आधी भरला त्याला पहिली निवड. दुसरा म्हणाला, चिठ्ठ्या टाका. तारापूर एमआयडीसीतल्या मंडळींना पगार सात तारखेला, शिक्षकांना कधी कधी महिना-दीड महिना उशिरा. म्हणजे हप्ता आधी भरला यात कसली ज्येष्ठता, हा त्यांचा मुद्दा मला पटला होता. शेवटी तळमजल्यावरच्या तीन सदनिका बाजूला काढल्या. एक पोलिओ झालेल्या सभासदाला आणि दोन, ज्यांच्या घरी जिना चढू न शकणारे आईवडील होते त्यांना. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात घालून शेजारच्या शाळकरी मुलीला काढायला लावल्या. तिला पश्चिमेकडची दुसऱ्या मजल्यावरची सगळी घरं एकाच बाजूच्या लोकांना कशी लागली, यावर वर्षभर चर्चा झाली. असो. पण आज मागे वळून बघताना वाटतं, त्या रात्री आपण न कळत दोन्ही गोष्टी केल्या. गरज स्पष्ट होती तिथे गरज बघितली, बाकी ठिकाणी नशिबावर सोडलं.

आता आपल्या लोकल मार्गावर येऊ. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली आणि वाणगावच्या माणसाला विरार शेजारी वाटायला लागलं. विरार-बोळींजला म्हाडाच्या कोकण मंडळाने हजारो घरं बांधली. सोडतीमागून सोडती झाल्या, तरी हजारो घरं पडून राहिली. किंमत जास्त आणि पाण्याची बोंब. शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ अशी जाहिरात करून ती विकायची पाळी आली. पाणी पोहोचलं ते आपल्या सूर्या नदीचं. बीडीडीच्या रिकाम्या खोल्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एकीकडे घरामागे शंभर अर्ज, दुसरीकडे अर्जच नाही, आणि दोन्ही एकाच खात्याची घरं.

प्राधान्य ठरवायची आणखी एक रीत आहे, ती म्हणजे तारीख. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १ जानेवारी १९९५ ही तारीख, मग १ जानेवारी २००० ही तारीख. त्याआधीची झोपडी असेल तर घर फुकट, नंतर २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून. ३१ डिसेंबरला आलेला आणि २ जानेवारीला आलेला, दोघांच्या गरजेत काय फरक? पण फाईलला तारीख सोपी पडते. आपल्या इथे अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथे रांग नव्हती, चिठ्ठीही नव्हती. गाव गेलं हाच हक्क. पण तसं असलं तरी ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचं, लग्न झालेला मुलगा वेगळा धरायचा की बापात, हे प्रश्न पुनर्वसनात येतातच, आणि घर मिळणं-न मिळणं त्या एका शब्दावर ठरतं.

गावाकडच्या घरकुलांचा इतिहास वेगळा आहे, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली, १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. लाभार्थी निवडायचा दारिद्र्यरेषेखालच्या यादीतून. मी १९८० च्या दशकात ग्रामीण शाखेत होतो, तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जं आमच्याकडून जात. गरिबीची रेषा वर्षाला ६,४०० रुपये, आणि त्यातही ४,८०० च्या आतल्यांना आधी घ्यायचं. त्या वर्षांत माझ्यापुढे आलेले उत्पन्नाचे दाखले मी काढून बघितले असते तर त्या टापूतल्या निम्म्या माणसांचं उत्पन्न चार हजार सातशे आणि आठशेच्या मध्ये निघालं असतं. सरकार जो आकडा विचारतं, तोच आकडा गावात पिकतो.

हे ओळखून २००२ च्या सर्वेक्षणात उत्पन्न विचारणंच बंद केलं. त्याऐवजी तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जितके गुण कमी तितका माणूस गरीब. जमीन किती, घर कसलं, घरात सगळ्यांत शिकलेला किती शिकलाय. एक प्रश्न कपड्यांचा होता. माणशी दोनपेक्षा कमी कपडे असतील तर शून्य, दहा किंवा जास्त असतील तर चार. दारात उभं राहून बाईला लुगडी किती म्हणून विचारायचं! आणि कर्जाच्या प्रश्नात तर आमच्या बँकेचीच गंमत होती. सावकाराकडून पोटासाठी उसने घेतले असतील तर शून्य, पण बँकेचं कर्ज असेल तर तीन गुण. म्हणजे ज्याला आम्ही धडपड करून कर्ज दिलं, तो त्या कागदावर श्रीमंत झाला.

पुढे २०११ ची सामाजिक, आर्थिक आणि जात गणना आली आणि १ एप्रिल २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण त्यावर चालू झाली. आपल्या ग्रामपंचायतीत भिंतीला लावलेल्या त्या याद्या कोणी नीट वाचत नाही, पण क्रम कसा लागतो ते सांगतो. सुरुवातीला बाद करायचं. पक्कं घर असेल तर बाद. मग तेरा निकषांची चाळण होती. मोटारसायकल, फ्रिज, लँडलाइन फोन, घरात सरकारी नोकर, कोणाचं महिन्याला दहा हजारांवर उत्पन्न, पन्नास हजार किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, यांतलं एक असलं तरी नाव गेलं. मग काहींना थेट आत घ्यायचं. बेघर, भीक मागून जगणारे, हाताने मैला वाहणारे, आदिम जमाती आणि कायद्याने सोडवलेले वेठबिगार. वेठबिगार हा शब्द डहाणू तालुक्यात पुस्तकी नाही. १९४५ मध्ये वारली उठले ते याच वेठ आणि लग्नगडीच्या पद्धतीविरुद्ध, गोदावरी परुळेकरांच्या बरोबरीने. लग्नासाठी घेतलेल्या पैशांपायी नवरा-बायकोने जमीनदाराकडे राबायचं, हे ज्यांच्या आजोबांनी भोगलं त्यांची नातवंडं आज घरकुलाच्या यादीत आपलं नाव शोधतात.

बाकीच्यांचा क्रम घराच्या खोल्यांवर. आधी ज्यांना खोलीच नाही, मग एक कच्ची खोली, मग दोन. त्यात पुन्हा पाच गोष्टी बघून गुण. घरात १६ ते ५९ वयाचा कोणी नाही का? बाई कुटुंबप्रमुख आणि त्या वयाचा पुरुष नाही का? पंचविशीवरचं कोणीच साक्षर नाही का? कोणी दिव्यांग आणि धडधाकट प्रौढ कोणी नाही का? जमीन नाही आणि मजुरीवरच पोट आहे का? ज्याला गुण जास्त तो वर. विधवेचा मुलगा सोळा वर्षांचा झाला की तिचा एक गुण कमी होतो. कागदावर बरोबर आहे, कमावणारा हात आला. तो हात कुठे काम करतो, की काम शोधत नाक्यावर उभा असतो, हे विचारायला मात्र रकाना नाही.

आपल्या संस्थेत बरीच वर्षं धुणं-भांड्याला येणाऱ्या एक मावशी आहेत. वारली समाजाच्या, आपल्या मागच्या बाजूच्या पाड्यावर राहतात. त्यांचं नाव मी लिहीत नाही, पण त्यांना विचारूनच हे लिहितोय. २०११ च्या गणनेत त्यांचं घर आलंच नाही. दिवाळी झाली की त्या वेळी सगळं कुटुंब वीटभट्टीवर जायचं, कुडाच्या दाराला बाहेरून काठी अडकवलेली. अशी सुटलेली घरं पुष्कळ असल्यामुळेच २०१८-१९ मध्ये ‘आवास प्लस’ नावाने पुन्हा नोंदणी झाली. आपल्याकडे तिला सगळे ‘ड यादी’ म्हणतात. त्या यादीत मावशींचं नाव आलं. तोवर नवरा गेलेला. मग मुलगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला. पाड्यावरून पहाटेच्या पाळीला जायला ना रिक्षा, ना एसटी. त्याने जुनी मोटारसायकल घेतली, हप्त्याने. पडताळणीत दुचाकी दिसली आणि नाव अपात्र. मी त्यांच्याबरोबर संबंधित कार्यालयात तीन वेळा गेलो. तिथला माणूस वाईट नव्हता. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, ‘काका, मी काही करू शकत नाही, हे आपोआप लाल होतं.’ मावशी बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘गाडी पोराची हाय, घर माझा हाय.’

त्यांच्याच पाड्यावर चार घरं कातकऱ्यांची आहेत. कातकरी आदिम जमातीत मोडतात, त्यामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत त्यांना दोन लाखांचं घर मंजूर झालं. योग्यच झालं, त्यांच्याइतकं मागे कोणी नाही. पण वारली त्या वर्गात नाहीत. एकच वाट, एकच विहीर, पावसात दोघांच्याही घरात सारखंच पाणी. एकाच्या घराचा पाया खणला जाताना दुसरी बाई बघत उभी होती. तिने कधी कुरबूर केलेली मी ऐकली नाही, उलट त्यांच्या विटा उतरवायला ती गेली होती.

सप्टेंबर २०२४ मध्ये निकष बदलले. दुचाकी, फ्रिज आणि लँडलाइन यादीतून गेले, उत्पन्नाची मर्यादा महिना दहा हजारांवरून पंधरा हजार झाली. २०२५ मध्ये मोबाइल ॲपवर नवी पाहणी झाली. मावशींच्या घराचा फोटो निघाला, चेहऱ्याची ओळख पटवायला त्यांना तीन वेळा डोळे मिचकवायला लागले, त्यावर त्या अजून हसतात. नाव नोंदलं गेलं. पण क्रम कितवा लागेल हे ठरायचंय, आणि घराखालची जागा त्यांच्या नावावर नाही. सात-बारा दुसऱ्याचा आहे. जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आता एक लाखापर्यंत मदत मिळते, मात्र जागामालक पाचशे चौरस फूट लिहून द्यायला तयार हवा. तो माणूस मला ओळखतो. बोलणं चालू आहे.

आपल्यापैकी अनेकांना वाटतं की या याद्या सरपंच आणि ग्रामसेवक मिळून करतात. पूर्वी काही अंशी असेलही. पण डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अशा योजनांचे लाभार्थी ठरवण्याची जबाबदारी ग्रामसभेची आहे. ग्रामसभेला नाव कमी करायचं असेल तर कारण लिहावं लागतं, क्रम चुकला असेल तर अपील करता येतं. अडचण एवढीच की ग्रामसभा सकाळी अकराला असते आणि त्या वेळी पाड्यावरची निम्मी माणसं आपल्या घरात भांडी घासत असतात, नाहीतर मिरचीच्या शेतावर खुडणीला असतात.

म्हणून सभासदांना एक विनंती. ग्रामसभेच्या दिवशी कामवाल्या मावशींना, वॉचमनना आणि माळीबुवांना अर्धा दिवस सुट्टी द्यावी, पगार न कापता. आणि त्यांच्यापैकी कोणाचं नाव यादीत बघायचं असेल तर दर शनिवारी अकरा ते एक मी संस्थेच्या ऑफिसात बसतो. येताना आधार कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बँकेचं पासबुक आणि असेल तर वनहक्काचा दाखला किंवा सात-बारा घेऊन यायला सांगा. पासबुक चालू खात्याचं असावं. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं आणि हप्ता परत जातो, हे मी छत्तीस वर्षांच्या नोकरीच्या जोरावर सांगतो.